चार आठवडे न हललेली जखम आणि पाण्यासारखं वरण

आमच्या वाशीच्या दवाखान्यात दर बुधवारी पायाच्या जखमांची मापं घेतात. पारदर्शक फिल्म जखमेवर ठेवायची, पेनने कडा गिरवायची, लांबी-रुंदी लिहायची आणि फाइलला लावायची. जुलैमधल्या एका बुधवारी डॉक्टरांनी अशा पाच फिल्म एकावर एक धरल्या आणि खिडकीच्या उजेडात मला दाखवल्या. पाचही कडा जवळजवळ एकाच रेषेवर बसत होत्या. "पायाचं जे करायचं ते सगळं केलंय. हे खातात काय, ते आता तू बघ," एवढंच ते म्हणाले.

मी इथे आहारतज्ज्ञ आहे. मधुमेही पायाच्या रुग्णाला आमच्याकडे तेव्हा बहुतेक वेळा सर्वांत शेवटी पाठवत. या प्रकरणात तसंच झालं. कुटुंबाच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, जखमेची मापं आणि तपासण्यांचे आकडे मात्र फाइलमधले आहेत.

रुग्ण ५८ वर्षांचे. त्यांना मी काकाच म्हणते. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये तीसेक वर्षं माथाडी म्हणून काम केलेलं, मूळ गाव सातारा जिल्ह्यात, राहणं कोपरखैरण्याला. मधुमेह १४ वर्षांचा. तंबाखू पाच वर्षांपूर्वी सुटली. गळ्यात तुळशीची माळ, म्हणजे मटण, मासे, अंडी काहीच नाही आणि महिन्याच्या दोन्ही एकादशा. माळेची ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. आधी कुणीतरी दिलेल्या छापील आहारतक्त्यात 'रोज दोन अंडी किंवा मासे' असं लिहिलेलं होतं. काकूंनी तो कागद पहिल्याच दिवशी घडी घालून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवून दिला होता.

जखमेची सुरुवात मे महिन्यातली. गावच्या सप्ताहाला काका गेले होते आणि भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवरून त्यांनी अनवाणी प्रदक्षिणा घातल्या. पायाला काही जाणवलं नाही. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झालेल्या, त्यामुळे चटका बसतोय हे मेंदूपर्यंत पोहोचलंच नाही. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, मोठा फोड आला. तो फुटला, त्यावर हळद भरली गेली. जूनच्या सुरुवातीला काकूंना सकाळी लादीवर लाल ठिपके दिसले. दारापासून मोरीपर्यंत, पावलापावलाच्या अंतरावर. देवपूजेचं कुंकू सांडलं असेल म्हणून त्यांनी ते पुसून काढले. दुसऱ्या दिवशी ठिपके पुन्हा तिथेच होते. तेव्हा काकांचा पाय उलटा करून पाहिला गेला.

पायावर काय काय केलं होतं

हे आधी सांगणं भाग आहे, कारण आहाराचं नाव घेताना बाकीच्या गोष्टी विसरल्या की माणसाचा पाय जातो. जखम भरायची तर तिथे रक्त पोहोचलं पाहिजे, तिच्यावर शरीराचा भार पडता कामा नये, जंतुसंसर्ग आटोक्यात हवा आणि मेलेली त्वचा वेळच्या वेळी काढली गेली पाहिजे. यातलं एक जरी राहिलं तरी जगातलं सगळं दूध-तूप खाऊन उपयोग नाही.

काकांच्या पायातल्या नाड्या हाताला लागत होत्या. मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून घोट्याजवळचा दाब खोटा जास्त दाखवला जातो, म्हणून डॉक्टरांनी अंगठ्याचा दाबही मोजला. तो ७२ आला, पुरेसा होता. दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटची, म्हणजे स्पर्श तपासायच्या नायलॉनच्या तंतूची, टोचणी दहापैकी आठ ठिकाणी कळली नाही. जखमेत घातलेली सळई हाडाला लागली नाही आणि एक्स-रेमध्ये हाड स्वच्छ होतं. सुरुवातीचा संसर्ग अँटिबायोटिकने उतरला. दर आठवड्याला कडेचा घट्टा तासला जात होता आणि पायाला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट घातलं होतं. हे गुडघ्याखालून तळव्यापर्यंत पायाला घट्ट बसणारं प्लास्टर असतं. ते रुग्णाला घरी काढताच येत नाही, आणि म्हणूनच ते काम करतं. नवी मुंबईच्या पावसात ते कोरडं ठेवणं किती कठीण, हे ज्याच्या घरी असा रुग्ण आहे त्यालाच कळेल. काकूंनी दुधाच्या पिशव्या जोडून त्याला पिशवी शिवली होती.

पहिल्या दिवशी जखम ३.२ गुणिले २.६ सेंटिमीटर होती. चार आठवड्यांनी २.९ गुणिले २.५. क्षेत्रफळात घट जेमतेम १३ टक्के. चौथा आठवडा आमच्याकडे का मोजतात, तर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०३ रुग्णांच्या अभ्यासात असं दिसलं होतं की, चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्याहून जास्त घटलेल्यांपैकी ५८ टक्क्यांची जखम बारा आठवड्यांत भरली, आणि तेवढी न घटलेल्यांपैकी फक्त ९ टक्क्यांची. म्हणजे चार आठवड्यांनी जखम जागची हलली नसेल तर 'होईल हळूहळू' म्हणून थांबायचं नसतं. काहीतरी सुटलेलं आहे, ते शोधायचं असतं.

"सगळं बंद केलंय ताई"

मी पहिला प्रश्न विचारला, काका, दिवसभरात काय काय खाता? त्यांनी छाती थोडी पुढे काढून सांगितलं, "सगळं बंद केलंय ताई. साखर बघा किती खाली आणली!"

खरोखरच आणली होती. जानेवारीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, १०.१ होतं, जुलैत ७.४. घरात सगळ्यांना त्याचा अभिमान होता, आणि मला तो मोडवत नव्हता. पण त्याच फाइलमध्ये जानेवारीचं वजन ७१ किलो लिहिलेलं होतं आणि माझ्या काट्यावर ते ६२.५ भरलं. सहा महिन्यांत १२ टक्के. सहा महिन्यांत दहा टक्क्यांच्या वर वजन आपोआप उतरणं हे गंभीर कुपोषणाचं लक्षण धरतात. घरच्यांनी ते 'पोट उतरलं' असं वाचलं होतं. काकांना पोट थोडं होतंच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. कुपोषित म्हटलं की डोळ्यांसमोर हाडांचा सापळा येतो. पोट असलेला माणूस आतून स्नायू गमावत असतो हे पाहणाऱ्याला दिसत नाही.

मी हाताची पकड मोजणारं यंत्र त्यांच्या उजव्या हातात दिलं. १९ किलो. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा १९. पुरुषात २८ च्या खाली गेलं की आम्ही ते कमी धरतो. काका त्या काट्याकडे बघत राहिले. ज्या हातांनी जन्मभर कांद्याच्या गोणी पेलल्या, ते हात होते ते.

मग रक्ताचे अहवाल आले. हिमोग्लोबिन १०.४, अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) २.९, बी१२ फक्त १४८, ड जीवनसत्त्व ११, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) १.३, लघवीतून थोडं अल्ब्युमिन जात होतं. अल्ब्युमिनच्या आकड्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगते, कारण तो पाहून पुष्कळदा घाईने 'प्रोटीन कमी' असं लिहिलं जातं. शरीरात दाह असला की यकृत अल्ब्युमिन बनवणं कमी करतं. त्यामुळे जखमेचा संसर्गसुद्धा तो आकडा खाली ओढतो. काकांचं सीआरपी, म्हणजे दाह मोजणारा आकडा, तोवर ६ वर आलं होतं, म्हणजे दाह बराच ओसरला होता. तरीही मी भरवसा अल्ब्युमिनपेक्षा वजनावर, पकडीवर आणि ताटावर ठेवला.

कोपरखैरण्याचं स्वयंपाकघर

दवाखान्यात बसून सांगितलेला आहार आणि घरातला आहार यात नेहमी अंतर असतं. शुक्रवारी संध्याकाळी मी खिशात मावणारा वजनकाटा घेऊन त्यांच्या घरी गेले. माथाडी वसाहतीतलं बैठं घर, वर एक मजला चढवलेला, दारात तुळस.

काकूंनी आधी चहा ठेवला, मग बोलायला लागल्या. काकांना भात बंद होता, कारण साखर. दूध बंद, साखर. फळं बंद, साखर. शेंगदाणे बंद, तेलकट. डाळ बंद, कारण दोन वेगवेगळी: मागच्या वर्षी क्रिएटिनिनचा आकडा पाहून कुणीतरी म्हणालं की किडनीला डाळ चालत नाही, आणि शेजारच्या बाईंनी सांगितलं की डाळीने जखमेत पू होतो. लिंबू, टोमॅटो, चिंच, आमसूल बंद, कारण आंबटाने जखम चिघळते. वांगं तर विचारूच नका. "कुणी काय सांगितलं ते समदं पाळलं बगा. एक बी मोडलं न्हाई," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. एवढं पाळूनही पाय बरा होत नाही, म्हणजे आपलंच काही चुकतंय असं त्यांना वाटत होतं.

राहिलं काय? सकाळी कारल्याचा रस, बिनसाखरेचा चहा आणि दोन बिस्किटं. अकराला ज्वारीची एक भाकरी आणि दुधी किंवा दोडका. चारला चहा-बिस्किटं. रात्री एक भाकरी आणि पालेभाजी, कधी वाटीभर पातळ ताक. मी भाकरीचं पीठ तोलून पाहिलं, एका भाकरीला ५५ ग्रॅम. तीन दिवसांचा हिशेब मांडला तेव्हा रोजचे सुमारे ९०० कॅलरी आणि २८ ग्रॅम प्रोटीन निघालं. किलोमागे अर्ध्या ग्रॅमहून कमी. निरोगी माणसाला आपल्याकडे किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतं असं आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगतं, आणि उघडी जखम असलेल्या कुपोषित माणसाला सव्वा ते दीड ग्रॅमपर्यंत द्यावं लागतं.

सून म्हणाली, "पण मॅडम, मधनंमधनं मी वरण देते की त्यांना. अगदीच राहवत नाही म्हणून." मी तिला नेहमीसारखं वरण लावायला सांगितलं. तिने पाच माणसांसाठी तुरीची डाळ मुठीने घेतली. ती काट्यावर ठेवली, ६० ग्रॅम. म्हणजे एका वाटीच्या वाट्याला १२ ग्रॅम डाळ, आणि त्यातलं प्रोटीन अडीच-तीन ग्रॅम. बाकी पाणी, हळद, मीठ. आपल्या घरांत 'डाळ खातो' याचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो. हे मी त्यांना दोष म्हणून सांगत नव्हते. माझ्या माहेरीही वरण असंच होतं.

ओट्यावर एक डबा होता, मधुमेहींसाठी म्हणून विकली जाणारी प्रोटीन पावडर. काका सकाळच्या चहात त्यातला अर्धा चमचा घालत. डब्यावरच्या तक्त्यावरून हिशेब केला तर पोटात जेमतेम एक ग्रॅम प्रोटीन जात होतं. त्या एका डब्याच्या किमतीत महिनाभराची मटकी आणि शेंगदाणे येतात.

निघता निघता काकू सहज म्हणाल्या की यांना पहाटे फार घाम येतो, बनियन पिळून निघतं, पावसाळ्याची हवाच अशी दमट. मी जागच्या जागी थांबले. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी आणि रात्रीचं इन्सुलिन चालू, आणि पोटात एक भाकरी. दोन रात्री पहाटे चारला साखर तपासायला सांगितली. एकदा ६१ आली, एकदा ५८, दोन्ही फार कमी. एचबीए१सीचा ७.४ हा आकडा ज्यावर सगळे खूश होते, त्यातला काही भाग या पहाटेच्या घसरणीचा होता. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवलं आणि ग्लिमेपिराइड बंद झालं.

उपाशी शरीरात जखम का अडते

जखम भरणं म्हणजे बांधकाम. पेशी नव्याने तयार व्हायच्या, कोलॅजेनचे धागे विणले जायचे, नव्या केशवाहिन्या फुटायच्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सतत येत राहायच्या. या सगळ्याला अमिनो आम्लं लागतात आणि ऊर्जा लागते. ऊर्जा कमी पडली की शरीर स्नायू तोडतं आणि त्यातली अमिनो आम्लं साखर बनवायला वापरतं. शरीराची ती निवड बरोबरच असते, कारण मेंदू आणि हृदय आधी, तळपाय सगळ्यात शेवटी. शिवाय जखमेतून जो स्राव वाहतो त्यातूनही रोज थोडं प्रोटीन निघून जातं.

क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजेनचे धागे नीट पिळले जात नाहीत, कच्चे राहतात. आंबट बंद करून काकूंनी नेमकं तेच बंद केलं होतं. बी१२ ची कमतरता शाकाहारी माणसात पुष्कळदा असते, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतली की ती वाढते, आणि बी१२ कमी असलं की नसांचा बधिरपणा आणखी वाढतो. रक्त कमी, म्हणजे जखमेपर्यंत पोहोचणारा ऑक्सिजन कमी. जस्ताचं नाव पुष्कळ घेतलं जातं. ते लागतं हे खरं, पण मोठ्या मात्रेत महिनोन्महिने घेतलं तर तांब्याचं शोषण अडतं, म्हणून मी वेगळी गोळी दिली नाही.

पुराव्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. मधुमेही पायाच्या जखमेत पोषणाचे उपाय दिल्याने जखम लवकर भरते का, यावर २०२० मध्ये कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा आला. त्यात ९ चाचण्या आणि ६२९ रुग्ण होते, आणि ठाम काहीच निघालं नाही. मधुमेही पायासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही जखम भरावी या हेतूने प्रोटीन, जीवनसत्त्वं वा खनिजांची पूरकं देऊ नका असंच सुचवतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २७० रुग्णांच्या चाचणीत आर्जिनिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लं आणि एचएमबी नावाचा पूरक घटक यांचं पेय सगळ्यांना मिळून पाहिलं तर उपयोगी ठरलं नाही. मात्र ज्यांचं अल्ब्युमिन कमी होतं किंवा रक्तपुरवठा कमी होता, त्या गटात जखमा जास्त भरलेल्या दिसल्या. मी यातून एवढंच घेते: पोटभर खाणाऱ्याला वर डबा देऊन फारसं काही होत नाही. पण अर्धपोटी माणसाला जेवायला घालणं हे पूरक नव्हे, तो उपचाराचा पाया आहे. अर्धपोटी कोण आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही.

किडनीचा प्रश्न आणि माळेचा मान

डाळ वाढवायची म्हटल्यावर मुलाने पहिला प्रश्न विचारला तो किडनीचा. रास्त होता. काकांच्या किडनीची गाळण क्षमता हिशेबाने ६३ येत होती आणि लघवीतून अल्ब्युमिन जात होतं, म्हणजे किडनीवर परिणाम सुरू झालेला होता. आम्ही किडनीतज्ज्ञांना विचारलं. प्रोटीन ०.८ ग्रॅमवर आणण्याचा सल्ला गाळण क्षमता ६० च्या खाली गेल्यावर येतो, त्याआधी १.३ च्या वर जाऊ नये एवढं पथ्य. किलोमागे १.२ ग्रॅम ठरलं, म्हणजे दिवसाला ७५ ग्रॅम, आणि दर महिन्याला क्रिएटिनिन तपासायचं. गाळण क्षमता चाळीस असती तर मी हे केलं नसतं. हा आकडा दुसऱ्या रुग्णाला जसाच्या तसा लागू करू नये.

आता हे ७५ ग्रॅम माळकरी माणसाच्या ताटात बसवायचे होते. अंड्याचा विषय मी काढलाच नाही. काकांनी पंढरीच्या वाटेवर घालवलेली वर्षं माझ्या तक्त्यापेक्षा मोठी आहेत, आणि पायामुळे त्या वर्षीची वारी चुकल्याचं दुःख त्यांच्या बोलण्यात पदोपदी येत होतं. साताऱ्याकडचं जेवण मुळात कडधान्याचं. हुलगे, मटकी, चवळी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. शहरात आल्यावर आणि साखर निघाल्यावर तेच ताटातून गेलं होतं. काकूंना नवीन काही शिकवायचं नव्हतं.

सकाळी पेलाभर दूध आणि मूठभर फुटाणे. न्याहारीला मुगाची दोन धिरडी, त्यात ५० ग्रॅम मूग, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम प्रोटीन. दुपारी दीड भाकरी, मोड आलेल्या मटकीची किंवा हुलग्याची घट्ट उसळ, वाटीभर दही, पालेभाजी, आणि उसळीवर लिंबू वरून पिळायचं, शिजवताना नाही. लिंबाला काकू आधी तयार नव्हत्या. मी म्हटलं, पंधरा दिवस द्या, जखम चिघळली तर मला फोन करा, मी स्वतः बंद करते. संध्याकाळी भाजलेले शेंगदाणे, एक दिवसाआड अर्धा पेरू. रात्री दीड भाकरी, घट्ट पिठलं किंवा घट्ट वरण, सोबत पनीर किंवा सोयाबीनची वडी आलटून पालटून. झोपताना पुन्हा थोडं दूध, पहाटेची साखर सांभाळायला. चहा जेवणानंतर तासभर नाही, कारण तो लोह अडवतो. बी१२ ची इंजेक्शनं, ड जीवनसत्त्व आणि लोह डॉक्टरांनी सुरू केलं.

हे सगळं एका दिवसात वाढवलं नाही. इतके दिवस अर्धपोटी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर दिलं तर पोटॅशियम आणि फॉस्फेट घसरू शकतं, म्हणून दहा दिवसांत चढवत १,८५० कॅलरींवर नेलं. साखर वाढली, अपेक्षित होतं. जेवणानंतरची २४० पर्यंत गेली. घरात घबराट. सुनेने मला रात्री साडेदहाला फोन केला, "मॅडम, बंद करू का?" बंद करायचं नव्हतं, इन्सुलिन बदलायचं होतं. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी छोटी मात्रा सुरू झाली, आणि ताटात आधी उसळ, मग भाकरी हा क्रम लावला. दहा-बारा दिवसांत जेवणानंतरचे आकडे १६०-१८० मध्ये आले.

एकादशीचं काय? काकूंची पद्धत साबुदाण्याची. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, प्रोटीन नावालाही नाही, आणि साखर झपकन वर. उपवास मोडायला मी सांगणार नव्हते. राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध, पनीर, शेंगदाण्याची आमटी हे सगळं उपवासाला चालतं, आणि एवढ्यावर ५० ग्रॅमच्या पुढे सहज जाता येतं. काका म्हणाले, "ताई, हे तर आमची आई करायची." राजगिरा त्यांनी पुष्कळ वर्षांनी खाल्ला.

पुढचे अकरा आठवडे

पहिल्या दोन आठवड्यांत फरक थोडाच पडला. २.६ गुणिले २.२. मीच अस्वस्थ होते. पण सहाव्या आठवड्याला ड्रेसिंग उघडल्यावर डॉक्टरांनी मला हाक मारली. जखमेचा तळ आधी फिकट, ओल्या पुठ्ठ्यासारखा होता. आता त्यावर डाळिंबाच्या दाण्यांसारखे बारीक लालचुटुक कण दिसत होते आणि कडेला पांढुरकी नवी त्वचा, नखाच्या चंद्रकोरीएवढी. आठव्या आठवड्याला १.९ गुणिले १.६. दहाव्याला १.२ गुणिले ०.८.

अकराव्या आठवड्यात गणपती आले. आरतीला, पाहुण्यांना, विसर्जनाला काका घरात बसेनात. कास्ट भिजलं, दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. उघडलं तेव्हा कडेची त्वचा पांढरी, फुगलेली, आणि माप पुन्हा १.५ गुणिले १.१. त्या आठवड्यात आहार अगदी ठरल्यासारखा चालू होता. तरी जखम मागे गेली. भार आणि ओल यांच्यापुढे उसळीचं काही चालत नाही, हे मी फाइलमध्ये ठळक लिहून ठेवलं आहे. नवं कास्ट लागलं, काका गप्प घरात बसले.

पंधराव्या आठवड्यात, नवरात्र सुरू होताना, जखम पूर्ण मिटली. वजन ६५.१, पकड २४ किलो, अल्ब्युमिन ३.५, हिमोग्लोबिन ११.८, क्रिएटिनिन १.३ वरच. एचबीए१सी ७.३, आणि पहाटेचा घाम बंद.

हे सगळं आहाराने झालं असं मी म्हणत नाही. पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी कास्टच्या आतलं पॅडिंगही बदललं होतं, पहाटेची साखर घसरणं थांबलं होतं, हिमोग्लोबिन चढत होतं. एका माणसात या गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. मला खटकतं ते दुसरंच. काकांचं वजन जानेवारीपासून प्रत्येक भेटीत लिहिलं जात होतं. आमच्या फाइलमध्येही पहिल्याच दिवशी ६३.८ लिहिलेलं होतं, जानेवारीचा अहवाल त्याच फाइलला जोडलेला होता, आणि चार आठवडे आम्ही कुणीच दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले नाहीत. आता पायाच्या प्रत्येक नव्या रुग्णाला पहिल्या बुधवारीच मी भेटते: सहा महिन्यांपूर्वीचं वजन, कालचं पूर्ण दिवसाचं खाणं, आणि काय काय 'बंद' आहे आणि कुणाच्या सांगण्यावरून. शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

भरलेली जखम वर्षभरात पुन्हा उघडण्याचं प्रमाण साधारण ४० टक्के आहे. काकांना मापाची पादत्राणं करून दिली आहेत, ती घरातही घालायची आहेत, देवघरात जातानासुद्धा. देवघराबद्दल बरीच चर्चा झाली, शेवटी त्यासाठी स्वच्छ कापडी जोड वेगळा ठेवायचं ठरलं. पुढच्या वारीबद्दल त्यांनी डॉक्टरांना विचारलं आहे. पूर्ण वाट चालायला डॉक्टर नाही म्हणाले. पंढरपूरजवळच्या वाखरीपर्यंत एसटीने जाऊन पुढे किती चालायचं, ते उन्हाळ्यात पाय पाहून ठरेल. डाव्या तळव्यालाही नेमक्या त्याच जागी घट्टा आला आहे, तो दर पंधरा दिवसांनी तासावा लागतो. काल आले तेव्हा काकूंनी सोबत डबा आणला होता, हुलग्याच्या माडग्याचा. घरचा काटा आणून त्यांनी माझ्यासमोर वाटी तोलून दाखवली.